विंचवाच्या डोक्यातली जोडी

१८६२ च्या ऑगस्टात मुंबईहून पुण्याला जायचे तर प्रवासाचे तीन तुकडे पडत. बोरीबंदरहून आगगाडीने ठाणे, कल्याण करत खोपोली. तिथून पालखीत बसून किंवा पायी बोरघाट चढून खंडाळा. आणि खंडाळ्याहून पुन्हा गाडीने पुणे. घाटातला लोहमार्ग पुढच्या वर्षी सुरू व्हायचा होता. ठाण्यापर्यंत गाडी धावू लागून नऊ वर्षे झाली होती, कल्याणपर्यंत आठ. त्या महिन्याच्या ८ तारखेला मुंबई बंदरात उतरलेला विल्यम स्टीफन जेकब बहुधा याच वाटेने, भर पावसात, पुण्याला गेला. वय ४८, प्रकृती आधीच खंगलेली. पुण्याजवळच्या उंच डोंगरावर वेधशाळा उभारायची आणि तीन वर्षे तिथे राहून काम करायचे, असे ठरवून तो आला होता. ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी १००० पौंड मंजूर केले होते. नऊ इंची भिंगाची दुर्बीण त्याने स्वतःच्या पैशाने विकत घेतली होती.

१६ ऑगस्टला पुण्यात त्याचा मृत्यू झाला. डोंगरावरची वेधशाळा झालीच नाही.

ठाणे-कल्याणच्या रुळांवरून आपण रोज जातो-येतो. या माणसाचे नाव मात्र इकडे कोणाच्या कानावर नसते. त्याला इथे आठवण्याचे कारण एका प्रश्नात आहे, आणि तो प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही: तारे जन्माला येतात तेव्हा एकेकटे येतात की जोडीने? हे शोधायचे तर जिथे तारे नुकतेच जन्मले आहेत अशा जागा धुंडाळायला हव्यात. आकाशातल्या अशा जवळच्या जागांपैकी एक वृश्चिकाच्या डोक्यापाशी आहे. जेकबने मृत्यूच्या पंधरा वर्षे आधी पुण्याहून दुर्बीण नेमकी तिथे रोखली होती. आपण कुठल्या पाळणाघरात डोकावतो आहोत याची त्याला कल्पना असणे शक्य नव्हते.

जेकब इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या एका पाद्र्याचा मुलगा. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकून तो बॉम्बे एंजिनिअर्समध्ये दाखल झाला आणि १८३१ मध्ये इकडे आला. काही वर्षे त्याने मोजणीखात्यात काढली. दिवसभर कोन मोजणाऱ्या माणसाला रात्रीही कोनच मोजावेसे वाटले यात नवल नाही. १८४२ साली त्याने पुण्यात खासगी वेधशाळा थाटली. दुर्बीण होती डॉलंडची, पाच फुटी. आज डोंबिवलीतल्या एखाद्या हौशी खगोलप्रेमीकडे तिच्याहून चांगली असू शकते.

त्या दुर्बिणीने तो जोडतारे मोजत असे. जोडतारा म्हटले की मराठी माणसाला सप्तर्षीतले वसिष्ठ-अरुंधती आठवतात, पण आकाशात असे हजारो आहेत. नुसते शेजारी दिसल्याने दोन तारे जोडी ठरत नाहीत. एक जवळ, दुसरा खूप मागे, आणि आपल्याला दोघे एका रेषेत दिसतात, असेही होते. १७६७ मध्ये जॉन मिशेल या इंग्रज पाद्र्याने एक साधा हिशेब मांडला होता: आकाशात तारे यदृच्छेने विखुरले असतील तर इतके तारे इतके जवळजवळ दिसण्याची शक्यता नगण्य आहे, तेव्हा यातले बरेचसे खरोखरच एकमेकांचे असले पाहिजेत. याला प्रत्यक्ष पुरावा मिळायला छत्तीस वर्षे लागली. १८०३ मध्ये विल्यम हर्शेलने आपल्या जुन्या नोंदी नव्यांशी ताडून पाहिल्या आणि काही जोड्यांतले तारे एकमेकांभोवती फिरताहेत हे दाखवून दिले. तेव्हापासून कामाची रीत ठरली. दोन ताऱ्यांमधले अंतर मोजायचे, एकाच्या मानाने दुसरा कुठल्या दिशेला आहे तो कोन मोजायचा, लिहून ठेवायचे, आणि वाट पाहायची. कधी दहा वर्षे, कधी शंभर. मोजणारा म्हातारा होतो, त्याचे आकडे पुढच्याच्या उपयोगी पडतात.

जेकबने पुण्यात मोजलेल्या २४४ जोडताऱ्यांची सूची १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली. त्यांतल्या एका ताऱ्याकडे आपल्याला परत परत यायचे आहे. अनुराधा नक्षत्राच्या वरच्या टोकाच्या, बीटा वृश्चिक या ताऱ्याजवळ एक मंद तारा आहे. ग्रीक अक्षर लावून त्याला न्यू वृश्चिक म्हणतात. दुर्बिणीत त्याचे दोन होतात, हे हर्शेलपासून ठाऊक होते. १८४७ मध्ये जेकबला दिसले की त्या दोघांतला मंद तारा स्वतःच दोन आहे. त्या दोन ठिपक्यांमधले अंतर सुमारे अडीच विकला, म्हणजे डोंबिवली स्टेशनात उभे राहून ठाकुर्ली स्टेशनात कोणी धरलेले रुपयाचे नाणे पाहावे, साधारण तेवढे. अमेरिकेत सिनसिनाटीला ऑर्म्सबी मिचेलनेही त्याच सुमारास ही फोड स्वतंत्रपणे टिपली. जोडताऱ्यांच्या जागतिक सूचीत तिच्यापुढे मिचेलच्या नावाची अक्षरे आहेत. पण पाच फुटी डॉलंडने आणि पुण्याच्या आकाशाने ती जेकबलाही दाखवली, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

पुढे त्याच ताऱ्यातला उरलेला, तेजस्वी भागही फुटला. १८७० च्या दशकात शिकागोच्या शेरबर्न बर्नहॅमने सहा इंची दुर्बिणीतून त्याचेही दोन करून दाखवले. बर्नहॅम दिवसा न्यायालयात लघुलेखक होता आणि रात्री घरामागच्या अंगणात दुर्बीण लावत असे. नंतर वर्णपटांवरून कळले की त्यातल्याही एका ठिपक्यात आणखी जोडीदार दडला आहे, साडेपाच दिवसांत फेरी घालणारा. आज न्यू वृश्चिकात किमान सात तारे धरतात. साध्या डोळ्यांना दिसतो एक ठिपका. आत भरलेले घर.

जेकबचे पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. १८४८ अखेरीस तो मद्रास वेधशाळेचा संचालक झाला आणि तिथे दहा वर्षे राबला. १८५५ मध्ये त्याने भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडताऱ्याच्या गतीत काही विसंगती दाखवल्या आणि तिथे एखादा न दिसणारा ग्रह असावा असे सुचवले. तो ग्रह पुढच्या मोजमापांत टिकला नाही. तरी परक्या सूर्याभोवती ग्रह असल्याचा आकडेमोडीवर आधारलेला हा जवळजवळ पहिला दावा. तो चुकला म्हणून मी त्याला कमी लेखत नाही. त्याला मद्रासची हवा मानवली नाही. राजीनामा देऊन तो इंग्लंडला गेला आणि पुण्याच्या डोंगराचे स्वप्न घेऊन परतला. ऑगस्टच्या संध्याकाळी वृश्चिक दक्षिणेला उभा असतो. घाटावर आणि कोकणात तेव्हा ढग असतात.

आता त्याला ठाऊक नसलेली गोष्ट. वृश्चिकाच्या डोक्यातले बहुतेक ठळक तारे एकाच कुटुंबातले आहेत. ते एका दिशेने, एका वेगाने चालले आहेत, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्षात येऊ लागले होते. १९४७ मध्ये आर्मेनियाचे व्हिक्टर अंबार्त्सुम्यान यांनी त्यावरून मोठा निष्कर्ष काढला. असे विरळ तारकासमूह आकाशगंगेच्या ओढीपुढे फार काळ एकत्र टिकू शकत नाहीत, आणि ज्या अर्थी ते अजून एकत्र दिसतात त्या अर्थी ते तरुण आहेत. म्हणजे तारे एकदाच कधीतरी निर्माण होऊन संपले असे नाही, ते आजही जन्मताहेत. तोवर हे कोणी इतक्या ठामपणे म्हटले नव्हते. नंतर अॅड्रियान ब्लाऊ यांनी या कुटुंबाच्या शाखा वेगळ्या केल्या आणि डोक्याकडच्या शाखेला ऊर्ध्व वृश्चिक असे नाव पडले. अंतर सुमारे साडेचारशे प्रकाशवर्षे, वय ५० लाख ते १ कोटी वर्षांच्या घरात. सूर्याचे वय ४६ वर्षे धरले, तर ही अडीच ते पाच आठवड्यांची बाळे होतात. न्यू वृश्चिकाभोवती अजून धुळीचा निळसर मेघ आहे, त्याच्याच उजेडाने उजळलेला.

थोडक्यात, जेकबने पुण्याहून एका जन्मस्थळातली जोडी फोडली होती.

या गोष्टीचा दुसरा धागाही पुण्यातच सापडतो, आणि तोही मध्येच तुटलेला. कावसजी दादाभाई नायगमवाला हे मुंबईत शिकलेले पारशी गृहस्थ. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या सीओईपीत, त्यांनी वेधशाळा उभी केली. ती १८८८ मध्ये सुरू झाली. तिथल्या वीस इंची परावर्तक दुर्बिणीएवढी मोठी दुर्बीण त्या काळी भारतात दुसरी नव्हती. नायगमवाला यांनी ती मृगाच्या तेजोमेघावर रोखली. त्या वेळी इंग्लंडमध्ये वाद पेटला होता. तेजोमेघांच्या वर्णपटात जी ठळक हिरवी रेषा दिसते ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे आणि तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आहेत, असे नॉर्मन लॉकियर यांचे म्हणणे. विल्यम हगिन्स यांना ते साफ अमान्य. पुण्याच्या दुर्बिणीत ती रेषा धारदार दिसली. पट्ट्याच्या कडेला असावी तशी धूसर छटा तिला नव्हती. नायगमवाला यांनी १८९१ मध्ये हे प्रसिद्ध केले. ती रेषा विरळ वायूत इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची, हे १९२७ मध्ये उलगडले. मृगाचा मेघ हा वायूचा आहे आणि त्या वायूतून तारे घडतात, हे आपण आज सहज बोलून जातो. त्या वाटेवरचे एक पाऊल मुळा-मुठेच्या काठावर पडले होते. १८९८ च्या जानेवारीतल्या खग्रास सूर्यग्रहणासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तुकडी घेऊन गेलेले नायगमवाला तेच.

१९१२ मध्ये ते निवृत्त झाले आणि वेधशाळा मोडली. यंत्रे कोडाईकनालला गेली. जोड्या मोजणारा पुण्यात होऊन गेला, तारे जन्मणारा मेघ तपासणारा पुण्यात होऊन गेला, आणि दोघांमागे शिष्यांची पिढी उभी राहिली नाही. मला याचे वाईट वाटते. मेघात जन्मणाऱ्या ताऱ्यांमध्ये जोड्या किती, हा प्रश्न ज्यातून उभा राहतो ती दोन्ही टोके एका शहरात होती. ती जुळली दुसरीकडे.

ती जुळायला सुरुवात झाली ती कॅलिफोर्नियात. आल्फ्रेड जॉय यांनी १९४५ मध्ये वृषभातल्या काही विचित्र, अनियमित चमकणाऱ्या ताऱ्यांचा एक वर्ग ठरवला आणि त्याला टी टॉरी या ताऱ्याचे नाव दिले. त्याच्या आदल्या वर्षीच ते आणि जॉर्ज व्हान बीसब्रूक यांनी या ताऱ्यांपैकी पाच जोडतारे असल्याचे कळवले होते. हे तारे धुळीच्या ढगाच्या कडेला का असतात, हे तेव्हा कोणाला नीट सांगता येत नव्हते. पुढे कळले की ते नुकते जन्मलेले आहेत. वयाने जेमतेम १०-२० लाख वर्षांचे, म्हणजे आपल्या मघाच्या मापाने चार ते सात दिवसांचे. पाचवी पुजून झालेली किंवा व्हायची असलेली, बारसे नक्कीच न झालेली.

खरी अडचण धुळीची होती. बाळंतिणीच्या खोलीचे दार बंद असावे तसे हे मेघ दृश्य प्रकाश अडवून धरतात. अवरक्त प्रकाश मात्र बऱ्याच प्रमाणात आरपार येतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून बलूनला टांगून १०० सेंटिमीटरची दूर-अवरक्त दुर्बीण वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवली आणि तारे जन्मणाऱ्या मेघांचे नकाशे काढले, ते याच कारणासाठी. १९८२ मध्ये मेल्विन डिक, मायकल सायमन आणि बेंजामिन झुकरमन यांनी खुद्द टी टॉरी अवरक्तात तपासला. १८५२ पासून लोक ज्याला एक तारा समजत होते, त्याच्या अगदी पाठीशी, एका विकलेहूनही कमी अंतरावर, दुसरा निघाला. दृश्य प्रकाशात तो दिसतच नव्हता. आणखी अठरा वर्षांनी तो दुसराही दोन निघाला. ज्या ताऱ्याच्या नावाने तरुण ताऱ्यांचा वर्ग ओळखला जात होता, तो तिघांचा संसार होता.

मग मोजदाद सुरू झाली. मोजायचे तर तुलनेला काहीतरी हवे. आंत्वान ड्यूकेनॉय आणि मिशेल मायोर यांनी १९९१ मध्ये सूर्याच्या आसपासच्या, सूर्यासारख्या, वयस्क ताऱ्यांची जनगणना प्रसिद्ध केली होती. निम्म्याहून जास्त ताऱ्यांना जोडीदार होता. तरुण ताऱ्यांतही प्रमाण तितकेच निघेल असे धरून चालणे स्वाभाविक होते.

१९९३ मध्ये निकाल आले. अँड्रिया गेझ, गेरी नॉयगेबाउअर आणि किथ मॅथ्यूज यांनी पालोमारच्या पाच मीटर दुर्बिणीने वृषभ-सारथी आणि भुजंगधारी-वृश्चिक या भागांतले ६९ तरुण तारे तपासले. वातावरणाच्या थरथरीने ताऱ्याची प्रतिमा फेसाळते. सेकंदाच्या अंशाइतक्या काळाची शेकडो चित्रे घेऊन ती थरथर गणिताने काढून टाकायची, अशी त्यांची रीत. सूर्य-पृथ्वी अंतराच्या १६ ते २५२ पट या टप्प्यात त्यांना ६० टक्के ताऱ्यांना जोडीदार आढळले, अजमासातली कमीजास्त १७ टक्के धरून. त्याच टप्प्यात वयस्क ताऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. चौपट. त्याच वर्षी क्रिस्टोफ लाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या कालार आल्तोहून वृषभातले १०४ तारे पाहिले. त्यांतल्या ४४ ठिकाणी एकाहून अधिक तारे निघाले. त्यांच्या हिशेबाने प्रमाण वयस्कांच्या जवळपास दुप्पट होते. दुप्पट की चौपट हा फरक लहान नाही. नमुना कुठला, किती मंद जोडीदारापर्यंत नजर पोचली, अंतराचा टप्पा कोणता धरला, यावर तो ठरतो, आणि माझा कल लाइनर्ट यांच्या आकड्याकडे आहे, कारण त्यांनी पाहिलेले तारे अधिक आणि टप्पा रुंद. पण दोन्ही गटांचे बोट एकाच दिशेला होते: तान्ह्या ताऱ्यांत जोड्या जास्त. गेझ यांना २०२० चे आणि मायोर यांना २०१९ चे नोबेल मिळाले, दोघांनाही दुसऱ्याच कामांसाठी. ही मोजदाद त्यांच्या नावामागे झाकून गेली आहे.

इथे चंद्रानेही हातभार लावला. वृषभ आणि वृश्चिक-भुजंगधारी हे दोन्ही भाग चंद्राच्या वाटेवर आहेत. रोहिणीचे किंवा ज्येष्ठेचे पिधान आपल्याकडे लोक गच्चीवर उभे राहून पाहतात, आणि त्याची वेळ ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण यांच्यासारखे जाणकार आधीच सांगतात. चंद्राला वातावरण नाही, त्यामुळे त्याच्या कडेआड जाणारा तारा क्षणात विझतो. तिथे दोन तारे असतील तर प्रकाश दोन पायऱ्यांनी उतरतो. सायमन आणि सहकाऱ्यांनी या पायऱ्या अवरक्तात मोजल्या आणि विकलेच्या शंभराव्या भागाहून लहान फटीही पकडल्या. दुर्बीण कितीही मोठी असो, त्या काळी तिला हे साधत नव्हते.

सगळे तारे जोडीने जन्मतात आणि पुढे काहींची ताटातूट होते, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण नायगमवाला यांचा मृग आडवा आला. मृगाच्या मेघातही तारे तान्हेच आहेत, वृषभातल्यांच्याच वयाचे. १९९० च्या दशकात अवकाशातल्या आणि जमिनीवरच्या दुर्बिणींनी तिथे जोड्या शोधल्या, तर प्रमाण साधारण वयस्क ताऱ्यांइतकेच आले. २००७ मध्ये बो राइपुर्थ आणि सहकाऱ्यांनी हबलच्या चित्रांवरून नेमका आकडा दिला. सूर्य-पृथ्वी अंतराच्या साधारण ६७ ते ६७५ पट या टप्प्यात अवघे ८.८ टक्के. वृषभाच्या निम्म्याहून कमी, आणि वयस्क ताऱ्यांपेक्षाही थोडे कमीच. शिवाय समूहाच्या मध्याकडे जावे तशा दूर-दूर राहणाऱ्या जोड्या कमी होत जातात, असेही दिसले.

याचे उत्तर समजायला डोंबिवलीकराला वेगळे गणित शिकावे लागत नाही. संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास फलाटावरून पुलाकडे लोंढा निघतो. एकमेकांचे दंड घट्ट धरून चालणारे दोघे त्या लोंढ्यात सुटत नाहीत, उलट आणखी बिलगतात. चार हातांवरून बोलत चाललेल्या दोघांमध्ये कोणीतरी शिरतो आणि एक जण जिन्यावर, दुसरा तिकीटखिडकीशी पोचतो. डग्लस हेगी यांनी १९७५ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने हेच सिद्ध केले होते. शेजारच्या ताऱ्यांच्या धक्क्यांनी घट्ट जोड्या अधिक घट्ट होतात, सैल जोड्या तुटतात. मृगाच्या मेघात थोड्या जागेत हजारो तारे आहेत. वृषभातले तारे म्हणजे मुरबाड-शहापूरकडचे पाडे, दोन घरांमध्ये मैलाचे रान. तिथे ढकलायला कोणी नाही, म्हणून जन्माच्या जोड्या टिकून आहेत. आणि आकाशगंगेतले बरेच तारे गजबजलेल्या समूहांत जन्मले असावेत असे मानतात. पावेल क्रूपा यांनी १९९५ मध्ये संगणकावर हा प्रवास उलटा चालवून पाहिला. जवळपास सर्व तारे जोडीने जन्मले आणि बहुतेक गजबजाटात वाढले असे धरले, तर आज दिसते तेच प्रमाण निघते, असे त्यांनी मांडले.

ऊर्ध्व वृश्चिकाचे काय? राइनर क्योहलर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तिथल्या क्ष-किरणांनी हुडकलेल्या तरुण ताऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रमाण वयस्कांच्या सुमारे दीडपट आले. पाड्याइतके मोकळे नाही आणि फलाटाइतके दाटही नाही, असे हे गाव. त्यातल्या ठळक ताऱ्यांमध्ये तर एकटा सापडणेच कठीण. न्यू वृश्चिकात सात, शेजारच्या बीटा वृश्चिकातही पाच-सहा. तारा जितका जड, तितके त्याला जोडीदार जास्त, हे आता पक्के झाले आहे. उलट बाजूने, आकाशगंगेत बहुसंख्य असलेले छोटे तांबूस तारे मोजले की एकटेच जास्त भरतात. चार्ल्स लाडा यांनी २००६ मध्ये याकडे लक्ष वेधले आणि बहुतेक तारे मुळातच एकटे जन्मत असतील, असा उलटा विचार पुढे ठेवला.

वादाचा निकाल लावायचा तर आणखी मागे, बाळंतिणीच्या खोलीतच शिरायला हवे होते. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने ययातीतल्या मेघामधले सगळे ज्ञात जन्मते तारे तपासले गेले. जॉन टोबिन आणि सहकाऱ्यांचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. अजून मेघात गुरफटलेल्या, अगदी तान्ह्या ताऱ्यांत ५७ टक्के ठिकाणी एकाहून अधिक तारे आढळले. त्यांच्याहून थोड्या मोठ्या पिढीत २३ टक्के. अंतरांचेही दोन ठळक गट पडले, एक सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ७५ पट आणि दुसरा ३००० पट. पहिला गट बहुधा ताऱ्याभोवतीची फिरती तबकडी फुटून झाला असावा, दुसरा मेघाचा गाभाच कोसळताना खळबळीने दुभंगून. पुढच्या वर्षी सारा सॅडव्हॉय आणि स्टीव्हन स्टाहलर यांनी या मोजमापांवर गणित बसवले. सूर्याइतके आणि त्याहून हलके सगळेच तारे दूरदूरच्या जोडीत जन्मले आणि नंतर निम्म्याहून जास्त जोड्या तुटल्या, असे धरल्यावर आकडे जुळतात, असे त्यांनी सांगितले. सूर्यालाही जुळा होता, अशा बातम्या तेव्हा झळकल्या. गणितात तसे शक्य आहे. तो भाऊ कोणी पाहिलेला नाही. आणि एका मेघावरून सगळ्या आकाशाचे ठरवणे मला घाईचे वाटते, कारण मृगातले कोडे पुरते सुटलेले नाही. २०१८ मध्ये गास्पार द्यूशेन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या घट्ट जोड्या नव्याने शोधल्या. त्या वयस्क ताऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघाल्या. इतक्या जवळच्या जोड्या लोंढ्यात तुटायला नकोत, मग पुढे त्या जातात कुठे? की मृगासारख्या जागी जन्मणारे तारे आपल्या शेजारच्या ताऱ्यांचे पूर्वरूप नाहीतच?

आपला धागा महाराष्ट्रात परत आला तो कल्याणच्या दुसऱ्या वाटेने. कल्याणहून मुरबाड, मग माळशेज घाट, वर जुन्नरचा मुलूख, आणि नारायणगावाजवळ खोडद. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथे परिसरात पसरल्या आहेत. रेचल एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी या तबकड्यांनी तीन तरुण ताऱ्यांचा कमी वारंवारतेचा रेडिओ प्रकाश टिपला. हे काम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या तिघांत एक खुद्द टी टॉरी. आणखी एक, एल १५५१ आयआरएस ५, तोही मेघात गुरफटलेली जोडीच.

पुण्याच्या डोंगरावर जेकबची दुर्बीण कधी लागली नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे आकाश आता इतके उजळले आहे की वृश्चिकाची नांगी शोधायलाही गच्चीवर धडपडावे लागते. म्हणून मुंबईचे खगोल मंडळ, कल्याणचे आकाश मित्र मंडळ यांच्यासारख्या मंडळींच्या संगतीने वाढलेले लोक अमावास्येच्या सुमारास कर्जत लोकल पकडतात. कल्याणला रूळ दुभंगतात, गाडी उजवीकडे वळते, अंबरनाथ, बदलापूर, मग वांगणी. जेकबच्या काळी पुण्याला जायचे रूळ हेच.

वैशाखात मध्यरात्रीच्या आसपास विंचवाचे डोके चांगले वर आलेले असते. बीटापासून थोडे डावीकडे सरकले की न्यू वृश्चिक. छोट्या दुर्बिणीत त्याचे लगेच दोन दिसतात, एक उजळ आणि एक मंद. भिंग बदलून वर्धन वाढवले, हवा स्थिर होऊ दिली, की मंद ठिपका आधी लांबट होतो आणि मग मध्ये काळी फट पडते. १८४७ ला पुण्यात दिसलेली फट ती हीच. रांगेतली शाळकरी मुले एकेक करून डोळा लावतात आणि प्रत्येकाला ती फट दिसेपर्यंत मागचे थांबतात. उजळ ठिपक्याचे दोन व्हायला मात्र मोठी दुर्बीण आणि फार शांत हवा लागते. आमच्या दुर्बिणीत तो अजून एकच दिसतो.